निकॉन झेड सिक्स थ्री: अख्खी लगीनसराई वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, पाल्हाळ नंतर. कॅमेरा उत्तम आहे. लग्नाचं काम करणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावा असा. पण तो बनवणाऱ्या कंपनीवर तसाच भरवसा टाकावा का, हा प्रश्न पैसे मोजताना पडला होता आणि लगीनसराई, गड्डा (आमची सिद्धेश्वराची यात्रा), उन्हाळ्यातले साखरपुडे सगळं उरकून झालं तरी तो पुरता सुटलेला नाही. त्यामुळे हे लिहिणं थोडं कॅमेऱ्याबद्दल आणि बरंचसं निकॉनबद्दल आहे.

आमचा स्टुडिओ सोलापुरात. स्टिल माझ्याकडे, व्हिडिओ नवऱ्याकडे. तो कधीच सोनीत गेला. मी निकॉनचा जुना डी ७५० धरून बसले होते. एका घरात दोन माउंट, म्हणजे लेन्स बसवायच्या दोन वेगळ्या खोबणी, असल्या की काय होतं ते धंद्यातल्यांना सांगायला नको: दोन बॅगा, दोन प्रकारच्या बॅटऱ्या आणि ऐन वेळी एकाची लेन्स दुसऱ्याला उपयोगाची नाही. नवी बॉडी घ्यायची ठरल्यावर घरात एकच सूर होता, "आता तरी सोनी घे." बाहेर विचारलं तर तेच. अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत ज्यांच्या गळ्यात पूर्वी निकॉनचा पिवळा-काळा पट्टा असायचा, त्यातल्या निम्म्याअधिक जणांच्या गळ्यात आता सोनी दिसतो. ही मंडळी हौस म्हणून गेली नाहीत. का गेली, ते पुढे येईलच.

मी निकॉनच घेतला याचं कारण साधं आहे. माझी ७०-२०० एएफ-एस लेन्स (हिच्यात फोकसची मोटर आतच असते) जुन्या लेन्स नव्या माउंटवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर पूर्ण चालते, ऑटोफोकससकट. अडीच लाखांच्या आसपास बॉडीलाच गेल्यावर लेन्स पुन्हा पहिल्यापासून घ्यायची ताकद नव्हती. शिवाय निकॉनची मूठ माझ्या हातात नीट बसते. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला हा मुद्दा कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे.

आता काम कसं करतो ते. अंतरपाटाचा क्षण घ्या. मामांनी मुलीला आणून उभं केलेलं असतं, मंगलाष्टकं संपत आली की भटजींचा आवाज चढतो, मागून ढोल. अंतरपाट दूर होतो आणि त्याच सेकंदाला दोन्ही बाजूंनी अक्षतांचा मारा सुरू होतो. जुन्या कॅमेऱ्यावर फोकसचा चौकोन मी डोळ्यावर धरलेला असायचा आणि चार दाणे मधे उडाले की तो दाण्यांवर. इथे मुलीच्या डोळ्यावर बसलेला चौकोन तसाच राहतो. मुंडावळ्यांची सर गालावरून डोळ्यापुढे आली तर क्षणभर दुसऱ्या डोळ्यावर जातो, पण चेहरा सोडत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली लग्नात तलंब्रालु असतं. वधूवर ओंजळी भरभरून एकमेकांच्या डोक्यावर तांदूळ ओततात, हसतात, चुकवतात, माना फिरवतात. तिथे पूर्वी दहातले चार फोटो हाती लागले तरी मी खूश असायचे. आता निवड करताना डोकेदुखी वेगळी आहे, सगळेच शार्प असतात आणि अल्बमच्या पानावर एकच लावायचा असतो.

अंधाराचंही तसंच. निकॉन उणे १० ईव्हीपर्यंत, म्हणजे जवळजवळ मिट्ट काळोखात, फोकस होतो म्हणतं. ते आकडे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, पण वरातीत नुसत्या डोक्यावरच्या लायटिंगच्या उजेडात नवरदेवाचा चेहरा पकडतो, तेवढं मला पुरे.

गड्ड्याच्या वेळी याची खरी कसोटी लागली. अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्याभोवती जे जमतं ते सोलापूरबाहेरच्यांना सांगून पटणार नाही. जानेवारीचं असलं तरी दुपारचं ऊन, आणि त्यात हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत. पांढऱ्यावर पांढरं. जरा एक्स्पोजर चुकलं की कापडाचा पोत उडून नुसता चुन्याचा पट्टा. या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर सध्याच्या भावात मिळणाऱ्यांत सगळ्यात उजळ म्हणावा असा आहे. ४००० निट्स (उजेडाचं माप) हा कंपनीचा आकडा, आणि भर उन्हात डोळा लावला की तो खरा वाटतो. कुठे पांढरं फुटतंय ते फोटो काढायच्या आधीच दिसतं. नंदीध्वजांच्या उंच काठ्या समोरून येत होत्या, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा गजर होता आणि मी खाली वाकून स्क्रीन उघडून काढत होते. पूर्ण फिरणारी स्क्रीन व्हिडिओवाल्यांसाठी असते असं मी आधी म्हणायचे. गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून उभा फोटो काढायचा असेल तर तिच्यासारखी सोय नाही. यात्रेतल्या पुढच्या एका संध्याकाळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं तेव्हा ट्रायपॉड घरी होता. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनच्या जोरावर हातानंच काढले, आणि चांगले आले.

आता जे समजून वापरावं लागतं ते. यातला सेन्सर 'पार्शली स्टॅक्ड' आहे. म्हणजे वाचनाचा वेग वाढवणारी सर्किटं सेन्सरच्या वर-खाली पट्ट्यांत रचलेली आहेत, झेड नाइन किंवा झेड एटसारखी पूर्ण मागे नाहीत. त्यामुळे जुन्या झेड सिक्स टूपेक्षा वाचन कितीतरी वेगात होतं, पण त्या महागड्या भावंडांइतकं नाही. याचा अर्थ मंगल कार्यालयात कळतो. हल्ली स्टेजमागे एलईडी वॉल असतेच. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटरवर गेलात तर अशा दिव्यांखाली पट्टे येऊ शकतात. मी स्टेजवर मेकॅनिकल शटरच ठेवते आणि घरच्या पूजेला, बारशाला, जिथे साधे दिवे असतात तिथे आवाज बंद करते. दुसरं, कमी आयएसओवर सावल्या फार उचलल्या तर या सेन्सरमध्ये झेड सिक्स टूपेक्षा किंचित जास्त दाणा दिसतो. लँडस्केपवाल्यांनी यावर बरंच रान उठवलं. मी ३२०० आणि ६४०० वर राहणारी बाई, मला तो फरक आजवर अल्बममध्ये सापडलेला नाही. बॅटऱ्या मात्र डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या, मानानं जास्त लागतात, त्याला इलाज नाही. नवी १५सी बॅटरी डी ७५० मध्येही चालते, त्यामुळे दोन्ही बॉडींचा साठा एकच ठेवता येतो. यासाठी निकॉनला मनापासून धन्यवाद.

आणि दोन कार्डं. एक महागडं, वेगवान सीएफएक्स्प्रेस, एक साधं एसडी. इथून मी कंपनीकडे वळते, कारण निकॉनचं काय चुकलं ते समजायला ही दोन खाचांची गोष्ट पुरेशी आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत सोनीनं ए सेव्हन थ्री आणला. पूर्ण फ्रेम, डोळ्यावर फोकस, दोन एसडी स्लॉट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निकॉनची उत्तरं आली, झेड सिक्स आणि झेड सेव्हन. बॉडी दणकट, माउंट मोठा, लेन्स सुरेख. आणि स्लॉट एक. तोही एक्सक्यूडीचा, ज्याचं कार्ड सोलापुरात मागितलं तर दुकानदार आपल्याकडे बघत राहायचा. कॅननच्या ईओएस आरलाही तेव्हा एकच स्लॉट होता हे खरं, पण तो निदान साध्या एसडीचा होता. लग्नात एक कार्ड गेलं तर अंतरपाट पुन्हा धरता येत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे पहिल्या दिवशी कळतं आणि ज्या कंपनीनं १९५९ पासून आपल्या जुन्या एफ माउंटवर व्यावसायिक फोटोग्राफर सांभाळले तिला कळलं नसेल, हे मला पटत नाही. माझ्या मते ते कळत होतं. हात आखडता घेतला होता. सगळंच झेडमध्ये दिलं असतं तर २०१७ मध्ये आलेला डी ८५० कोणी घेतला असता?

त्यात बॅटरी ग्रिपचं प्रकरण पाहा. झेड सिक्सला उभ्या फोटोंसाठी ग्रिप हवी म्हणून लोक थांबले, आणि आली ती एमबी-एन १०. तिच्यावर शटरचं बटणच नव्हतं. देणारही कसं, बॉडीखाली ग्रिपशी बोलायला संपर्कबिंदूच ठेवले नव्हते. म्हणजे ती ग्रिप नव्हे, दोन बॅटऱ्यांची डबी. दुसरा स्लॉट आणि बटणांची ग्रिप, दोन्ही मिळालं ते २०२० च्या ऑक्टोबरमध्ये झेड सिक्स टूबरोबर. तेव्हा लग्नं पन्नास माणसांत लागत होती आणि कॅमेरा घ्यायला कोणाच्या खिशात काही नव्हतं. ज्यांना घ्यायचा होता त्यांनी मधल्या दोन वर्षांत सोनी घेऊन टाकला होता. माझा नवरा त्यांतलाच.

ही सवय जुनी आहे. २००६ मध्ये डी ४० आला तेव्हा बॉडीतली फोकसची मोटर काढून टाकली. स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानं फिरवायच्या. डी ७२०० ला दोन स्लॉट होते, त्याच्यामागून २०१७ मध्ये आलेल्या डी ७५०० ला एक. नवा कॅमेरा जुन्यापेक्षा काही बाबतींत कमी, अशी ही शिडी. एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही, दुसऱ्या आवृत्तीतही नाही. आमच्या कपाटात ८५ एमएमची डी लेन्स आहे, पोर्ट्रेटला अजून तोड नाही. झेडवर ती रिंग फिरवून वापरते. हौसेच्या फोटोंना ठीक, वरातीत नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी अशा डी लेन्स कपाटाकपाटांत पडून आहेत. त्यांना चालवणारा अडॅप्टर निकॉननं काढला असता तर कितीजण जागेवरून हलले नसते.

निकॉनची विक्री मोबाईलनं खाल्ली असं सर्रास म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे, सीपाचे, आकडे बघा: २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले, २०२० मध्ये ९० लाखांच्या आत. यात छोटे खिशातले कॅमेरे वाहून गेले, निकॉनचे कूलपिक्सही. ते कोणालाच थांबवता आलं नसतं. नशीबही वाईट होतं. २०११ च्या मार्चमध्ये भूकंपानं सेंदाईचा कारखाना बंद पडला आणि ऑक्टोबरमध्ये थायलंडच्या पुरात अयुथयाचा पाण्याखाली गेला. पण मोबाईलनं लग्नाचे कॅमेरे खाल्ले नाहीत. निकॉन दुसऱ्या क्रमांकावरून खाली आली ती सोनीमुळे, आणि सोनीला वाट निकॉननंच मोकळी करून दिली.

त्याच २०११ मध्ये निकॉननं पहिले आरसा नसलेले कॅमेरे आणले होते, निकॉन वन. सोनीच्या आधी पूर्ण फ्रेममध्ये उतरायची संधी होती. यांनी सेन्सर निवडला एक इंचाचा. फोकस विजेसारखा, पण रात्रीच्या कामाला तोकडा. डीएसएलआरच्या पोटावर पाय येऊ नये म्हणूनच तो एवढा लहान ठेवला असं माझं मत, आणि असं म्हणणारी मी एकटी नाही. २०१८ मध्ये ती मालिका गुंडाळली. ज्यांनी तिच्या लेन्स जमवल्या त्यांच्या हाती काय उरलं?

मग डी ६००. २०१२ चा कॅमेरा, सेन्सरवर डाग पडायचे. कंपनी बराच काळ साफ करून घ्या म्हणत राहिली, २०१३ मध्ये गुपचूप डी ६१० आणला, मोफत दुरुस्तीची जाहीर सूचना आली ती २०१४ च्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये चीनच्या सरकारी टीव्हीनं कार्यक्रमच केला आणि तिथे विक्री थांबवायची वेळ आली. दोष कुठल्याही यंत्रात निघतो. तो मान्य करायला एवढा वेळ लावणं, हे मला दोषापेक्षा जास्त खटकतं. २०१६ मध्ये डीएल नावाचे तीन कॅमेरे जाहीर केले आणि २०१७ मध्ये एकही न विकता रद्द केले. त्याच सुमारास जपानमधल्या हजारावर कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कीमिशन नावाचे ॲक्शन कॅमेरे आले होते, तेही आले तसे गेले. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात कंपनीला सुमारे ३४ अब्ज येनांचा निव्वळ तोटा झाला. कॅमेऱ्यांच्या बॉडी जपानमध्ये बनणं थांबलं. माझ्या बॉडीखाली 'मेड इन थायलंड' आहे, आणि बांधणीत मला त्यानं काही उणं दिसलेलं नाही.

दुरुस्तीबाबतचे निर्णय मला सगळ्यात जास्त लागतात. अमेरिकेत २०१२ मध्ये निकॉननं बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग देणं बंद केलं, आणि २०२० मध्ये अधिकृत दुरुस्ती दुकानांचं जाळंही मोडीत काढलं. अमेरिकेतलं आहे, आपल्याला काय, असं म्हणता येईल. पण लहान शहरातला धंदा कारागिराच्या जिवावर चालतो. बॉडी उघडायची वेळ आली की मी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे गाठते, आणि तारीख तोंडावर असेल तर मधले दिवस दुसऱ्याकडून भाड्यानं बॉडी. ज्या कंपनीची विचारसरणी 'आमच्याशिवाय कोणी हात लावू नये' अशी आहे, तिच्याकडून घेताना हा हिशेब किमतीत धरावा लागतो. सोनी, कॅनन याबाबत फार उदार आहेत असंही नाही.

मग कंपनी सावरली कशी? हात सैल सोडून. २०२१ च्या शेवटी झेड नाइन आला, त्यात मेकॅनिकल शटरच नाही आणि लपवून ठेवलेलंही काही नाही. पुढच्या वर्षी फर्मवेअरमधून ८के ६० फ्रेमचं रॉ व्हिडिओ फुकट दिलं. हीच निकॉन आधी झेड सिक्समधल्या रॉ व्हिडिओसाठी वेगळे पैसे मागत होती. झेड नाइनची बहुतेक अक्कल मग निम्म्या किमतीच्या बॉडीत उतरत गेली. माझा झेड सिक्स थ्री त्याचंच फळ. तोट्यातला कॅमेरा विभाग वर्षभरात पुन्हा नफ्यात आला.

पण हा नफा वरच्या पायरीवरचा आहे. डी ३५०० आणि डी ५६०० २०२२ मध्ये बंद झाले. आमच्याकडे नवी पोरं याच कॅमेऱ्यांवर शिकायची, किट लेन्ससकट, घरच्यांकडून उसने पैसे घेऊन. आता त्यांनी काय घ्यावं? झेड ३० आहे, त्याला व्ह्यूफाइंडर नाही; सोलापूरच्या उन्हात मे महिन्यात नुसती स्क्रीन बघून फोटो काढून दाखवा. झेड ५० टू चांगला आहे, पण डी ३५००च्या भावात तो येत नाही. परिणाम असा की मुलं सेकंडहँड सोनी घेतात किंवा मोबाईल गिंबलवर चढवून रील काढतात. उद्या त्यांच्या हाती पैसा आला की ती निकॉनकडे कशाला येतील?

लेन्सचंही लक्षात घ्या. सोनीनं ई माउंटची मूळ माहिती २०११ मध्येच बाहेरच्या कंपन्यांना खुली केली. निकॉननं झेड माउंट कितीतरी दिवस मुठीत ठेवला. टॅमरॉन आता येतंय, सिग्मानं आणले ते लहान सेन्सरचे तीन प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या लेन्स. नवरा सिग्माच्या लेन्स निम्म्या भावात लावून बसतो आणि मी ऑफरची वाट बघते. निकॉनच्या एस लेन्स सरस आहेत यात वादच नाही, २४-७० एफ ४ सारखी साधी लेन्ससुद्धा कडेपर्यंत स्वच्छ आहे. पण सरस असणं आणि परवडणं यांत फरक आहे.

आणि सवय पुरती गेलीय असंही समजू नका. २०२४ मध्ये निकॉननं रेड ही सिनेकॅमेऱ्यांची कंपनी घेतली, मोठा डाव. त्यातून २०२५ मध्ये झेडआर आला, माझ्याच कॅमेऱ्याचा सेन्सर, मोठी स्क्रीन, रेडचे रंग. नवरा दोन दिवस त्याचे व्हिडिओ बघत होता. मग स्लॉट बघितले. एक सीएफएक्स्प्रेस आणि दुसरा मायक्रोएसडी. "रेड विकत घेतली आणि दुसरं कार्ड मोबाईलचं दिलं, तुझ्या निकॉननं," एवढं म्हणून त्यानं लॅपटॉप मिटला. मी काय बोलणार.

विचारणाऱ्यांसाठी: डी ७५० किंवा डी ८५० असेल, एएफ-एस लेन्स असतील आणि रात्रीची कामं जास्त असतील तर झेड सिक्स थ्री घ्या. सीएफएक्स्प्रेस कार्ड आणि रीडर यांचा खर्च बॉडीच्या किमतीतच धरा, दुकानदार तो शेवटी सांगतो. नव्यानं सुरुवात असेल, एकही निकॉन लेन्स नसेल, तर सोनीचा जुना लेन्सबाजार बघूनच ठरवा. मला स्वतःला दुसरी बॉडी लागणार आहे. झेड फाइव्ह टू डोळ्यासमोर आहे, दोन्ही स्लॉट साध्या एसडीचे आणि फोकस याच पिढीचा. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा धरायला सुरुवात झालीय, दिवाळीच्या ऑफरमध्ये भाव उतरला तर तीच घेईन.